हळू चालीत अडखळणारा ट्रक

भरल्या मालानिशी चढ नीट ओढतो, सपाटीवर तक्रार नाही. परंतु नाक्यावर उभा करून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिन गचके खाते, थरथरते, कधी बंदच पडते. ड्रायव्हरवर्गाला हा रोग नवा नाही. त्यावरचा रूढ उपचारही ठरलेला आहे. मालक म्हणतो, ‘पंप गेला’. गॅरेजवाला म्हणतो, ‘उतरवू’. आणि बिल कापले जाते ड्रायव्हरच्या पगारातून. म्हणून हा विषय एकट्या मिस्तरीचा आहे असे आम्ही मानीत नाही.

जुना ट्रक म्हणजे येथे यांत्रिक पंपाचा डिझेल ट्रक. १९५४ साली टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक निघू लागले, त्या कुळातला. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे बंधन आले. त्यांचे डिझेल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या हुकमाने सुटते. त्यांची कथा निराळी.

मग हळू चालीतच का अडखळावे? सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला तीनशे वेळा डिझेल फवारले जाते. त्या एका फवाऱ्यात पुरता एक थेंबही नसतो. भरल्या ताटातली चार शिते सांडली तर जेवणाऱ्याला कळत नाही. मुळात घासभरच वाढले असेल तर पोटाला कळते. शिवाय वेगात असताना जड फ्लायव्हील चुकलेला ठोका पचवून टाकते. मंद चालीत तेवढा जोर त्याच्यात नसतो.

तेव्हा प्रथम पान्ना नको, कान हवा. ठरावीक तालात एकच ठोका चुकत असेल तर दोष बहुधा एका सिलिंडरात असतो. चाल कधी चढते, कधी पडते, ताल असा नाहीच, तर डिझेलमध्ये हवा शिरते आहे किंवा फिल्टर तुंबला आहे, असा संशय घ्यावा.

ही हवा मोठी लबाड आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथला जोड सैल असला तरी इंजिन चालू असताना बाहेर थेंब दिसेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. मिस्तरी ओला डाग शोधत बसतो, आणि चोर कोरड्या जागी असतो! याला खात्रीचा उपाय स्वस्त आहे. फीड पंपाचा टाकीकडून येणारा पाइप सोडावा, तेथे धड नळी लावून तिचे टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवावे, हातपंपाने हवा काढावी व इंजिन चालवावे. अडखळणे थांबले, तर दोष टाकी ते फीड पंप या वाटेतच आहे. पुष्कळदा तो झिजलेल्या वायसरात किंवा चिरलेल्या नळीत सापडतो.

ताल धरून एकच ठोका चुकत असेल तर इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करावा व पुन्हा आवळावा. नट सैल होताच आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर आळशी तोच. त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरास लावून पाहावे. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल बदलावे. जागीच राहिला तर टॅपेट, कॉम्प्रेशन आणि त्यानंतर पंप. पंपाची पाळी इतकी मागून येते. हे करताना हात व तोंड दूर ठेवावे. दाबाखालची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा.

धूरही साक्ष देतो. पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल, काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे. मात्र थंड इंजिनाच्या पहाटेच्या धुरावरून निकाल देऊ नये. आणि इंजिनाखालचे रबर बसले असेल तर निरोगी इंजिनही थरथरते, हेही पाहून घ्यावे.

आता कपातीविषयी. कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाची नुकसानी त्याच्याच हयगयीने झाली असेल तरच ती पगारातून कापता येते, आणि तीही त्याला आपली बाजू मांडू दिल्यानंतर. हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. झिजलेला वायसर ही कुणा ड्रायव्हरची हयगय कशी? तरी आमच्या माहितीतल्या एका वाहतूकदाराने एका ड्रायव्हरचे तीन महिने पैसे कापले. पंप दुरुस्त होऊन आला, ट्रक पूर्ववत् अडखळत राहिला, आणि अखेर डब्याच्या परीक्षेत टाकीजवळचा जोड सापडला. पैसे परत मिळवताना उपयोगी पडली ती ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी दिलेली लेखी तक्रार. तीत तारीख होती, इंजिन गरम की थंड हे होते, व ‘चाल चढते-पडते’ एवढे तीन शब्द होते. अशा चिठ्ठीची एक प्रत, पोचेच्या सहीसह, ड्रायव्हरने आपल्या खिशात ठेवावी.