औषधाला नकार : डॉक्टरांना कधी कळवायचं?

अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्ध व आजारी व्यक्तींच्या निवासी शुश्रूषा केंद्रात, उपचार नाकारण्याचा हक्क केंद्रीय नियमांनी मान्य केला आहे. त्यांचा पाया १९८७चा नर्सिंग होम सुधारणा कायदा.

● तातडीनं कळवा : प्रकृतीत लक्षणीय बदल झाला किंवा उपचार मोठ्या प्रमाणात बदलण्याची गरज पडली, तर डॉक्टरांशी लगेच बोलणं नियमानं बंधनकारक आहे. एखादा डोस नाकारल्यावर किती वेळात कळवायचं, हे सहसा केंद्राच्या धोरणात किंवा डॉक्टरांच्या सूचनेत असतं.

● वाट पाहू नये अशी औषधं : इन्सुलिन, रक्त पातळ करणारी, फिट्स रोखणारी आणि पार्किन्सन्सवरची औषधं. बीटा ब्लॉकर अचानक थांबवणंही हृदयाला धोक्याचं.

● आधी कारण विचारा : गिळायला त्रास, मळमळ, कडू चव, दुष्परिणामांची भीती की गोंधळलेली मनःस्थिती? अचानक सुरू झालेला नकार संसर्ग किंवा भ्रमाची खूण असू शकतो. थोड्या वेळानं पुन्हा विचारावं.

● नोंद करा : औषध, डोस, वेळ, सांगितलेलं कारण, रुग्णाला समजावलेले धोके, कोणाला कळवलं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं.

● हे करू नका : जबरदस्ती, धमकी किंवा परस्पर जेवणात औषध मिसळणं.

डॉक्टरांना कळवणं म्हणजे रुग्णाची तक्रार करणं नव्हे. वेळेवर कळलं, तर गोळीऐवजी पातळ औषध देता येतं, वेळ बदलता येते, अनावश्यक औषध बंदही करता येतं. नकाराचा मान राखूनच उपचार सुरक्षित होतात.