टेबलापलीकडे कोण उभं असतं?

जनरल सर्जरीच्या एमएसला कुठे जायचं हे ठरवताना बहुतेक मुलं एकच आकडा बघतात: गेल्या वर्षी त्या कॉलेजची सीट कोणत्या रँकला बंद झाली. नीट पीजीचा २०० प्रश्नांचा, ८०० गुणांचा पेपर झाला, रँक हातात आली की हे तक्ते उघडतात. सरकारी कॉलेजांमधल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. पसंतीक्रम भरायचा, लॉक करायचा, यादीची वाट बघायची. तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काढायची, हा निर्णय असा लॅपटॉपसमोर होतो.

मराठवाड्यातली एक तरुण डॉक्टर मात्र यादी लॉक करण्याआधी स्वतः हॉस्पिटलं बघायला निघाली. तिच्या इंटर्नशिपमध्ये एका रात्री आतड्याला छिद्र पडलेला पेशंट आला होता. पोट उघडलं दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने. त्याच्या समोर पहिल्या वर्षाचा मुलगा होता, रिट्रॅक्टर हिच्या हातात होता, आणि सिस्टरने ऑपरेशन करणाऱ्याच्या कानाशी धरलेल्या फोनवरून सीनियर पुढची पायरी सांगत होते. पेशंट वाचला. दुसऱ्या दिवशी रेसिडेंट्सच्या खोलीत त्या रात्रीचं कौतुक झालं, कारण दुसऱ्या वर्षाच्या त्या मुलाला ‘कटिंग’ मिळालं होतं. तिला ते कौतुक पटलं नाही.

सर्जरीच्या रेसिडेंट्सच्या बोलण्यात ‘कटिंग’ म्हणजे स्वतःच्या हाताने ऑपरेशन करायची संधी. ‘तिथे कटिंग कसं आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. सुरी हातात न धरता सर्जन होता येत नाही. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांना पसंती मिळते तीही यासाठीच. जेजेशी जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, केईएम आणि त्याचं जीएस मेडिकल कॉलेज १९२६ चं. पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. या वॉर्डांतून तीन वर्षांत जेवढे आजार नजरेखालून जातात तेवढे दुसरीकडे जात नाहीत: पोटातला क्षयरोग, अपघातात फुटलेली प्लीहा, आठवडाभर अंगावर काढलेला अपेंडिक्स. या नावांमागे खरोखरच शिक्षण आहे.

पण गर्दी आपोआप शिकवत नाही. शंभर पेशंट असलेल्या वॉर्डात पहिल्या वर्षाच्या मुलाचा दिवस रक्ताचे नमुने पोचवण्यात, ब्लड बँकेच्या खिडकीशी उभं राहण्यात आणि वॉर्डबॉय मामा जागेवर नसले तर ट्रॉली ढकलण्यात जातो. त्यातून उरलेल्या वेळात ड्रेसिंग.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कॉलेजात तिला जे दिसलं ते ड्रेसिंगच्या खोलीतच. मधुमेहाने सडलेल्या पावलांचा दाट, गोडसर वास आणि त्यावर बीटाडीनचा थर. दाराशी उभं राहणंही अवघड. तिसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट, म्हणजे जेआर थ्री, खाली स्टुलावर बसून एका आजोबांच्या टाचेतलं मेलेलं मांस काढत होता आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला दाखवत होता, कुठे थांबायचं. रक्त दिसलं की थांब. आजोबांना दुखतंय का, हे तो मधूनमधून विचारत होता. हे काम ज्युनियरवर ढकलायची रीत असताना तो स्वतः बसला होता.

काम आटोपल्यावर त्याने आपलं लॉगबुक दाखवलं. एमएसच्या अभ्यासक्रमात ते सक्तीचं आहे. प्रत्येक ऑपरेशनसमोर एक खूण असते: ‘ओ’ म्हणजे हात धुऊन नुसतं बघितलं, ‘ए’ म्हणजे सीनियरला मदत केली, ‘पीए’ म्हणजे सीनियरच्या थेट देखरेखीखाली केलं, ‘पीआय’ म्हणजे स्वतंत्रपणे केलं.

‘सर, अपेंडिक्स किती झाली तुमची?’ तिने विचारलं.

‘एकवीस. पहिल्या चौदांना मॅडम समोर उभ्या होत्या. नंतरच्या सातांना ओटीच्या बाहेर बसून होत्या.’

आधीच्या एका कॉलेजात तिला साठ हा आकडा अभिमानाने सांगितला गेला होता. समोर कोण होतं, असं विचारल्यावर तिथे उत्तर आलं, ‘कोण कशाला लागतंय?’ साठ आणि एकवीस नुसते शेजारी ठेवले तर निवड सोपी वाटते. त्या एकविसातले चौदा मोजले की ती उलटी होते. ज्या गरीब माणसाच्या पोटावर हे शिक्षण चालतं, त्याला विचारलं तर तोही चौदाच मोजेल. त्याला दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून तर तो इथे असतो.

डीएनबीचं चित्र वेगळं. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा हाही तीन वर्षांचाच अभ्यासक्रम, बऱ्याचदा ट्रस्टच्या किंवा खासगी हॉस्पिटलांत. तिथे कन्सल्टंट टेबलाशी असतातच, दुर्बिणीची यंत्रंही चांगली असतात. मात्र पैसे भरून आलेल्या पेशंटला कन्सल्टंटचाच हात हवा असतो, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत कॅमेरा धरणारे रेसिडेंट तिला तिथे भेटले. त्यांना बघायला भरपूर मिळतं, करायला कमी.

कामाच्या तासांबद्दल तिने सगळीकडे विचारलं आणि उत्तर जवळपास सगळीकडे सारखंच आलं: इमर्जन्सीच्या दिवशी सलग छत्तीस तास. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत साधारण आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांहून जास्त नाही, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास आणि आठवड्याची सुट्टी आहे. आयोगाने मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. छत्तीस तास जागा असलेला मुलगा पहाटे टाके घालतो तेव्हा त्याचा हात आणि पेशंटचं पोट दोन्ही धोक्यात असतात. याला चिवटपणा म्हणून गौरवणं बंद व्हायला हवं.

अमेरिकेत जनरल सर्जरीचं प्रशिक्षण पाच वर्षांचं असतं. बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर किमान ८५० ऑपरेशनं नोंदलेली लागतात, त्यातली २०० शेवटच्या वर्षातली. तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे आणावी असं नाही. पण प्रत्येक कॉलेजने बाहेर पडलेल्या बॅचच्या लॉगबुकांची बेरीज, नावं वगळून, जाहीर करायला काय हरकत आहे? पीए किती, पीआय किती, कोणत्या वर्षी किती. नोंदी आधीच लिहिलेल्या आहेत. आज त्या कपाटात राहतात, आणि निवडणाऱ्या मुलांच्या हाती बंद झालेल्या रँकचा तक्ता उरतो.

ड्रेसिंगच्या खोलीतून निघताना तिने आणखी एक प्रश्न विचारला होता: मॅडमची बदली झाली तर? जेआर थ्री थोडा थांबून म्हणाला, ‘दुसऱ्या युनिटचे सर कधीकधी उभे राहतात. कधीकधी.’ सरकारी नोकरीत बदली होणारच, आणि ती चौदा ऑपरेशनं कोणत्याही नियमाने नव्हे, एका बाईंच्या स्वभावाने घडली होती.

यादी भरताना वडिलांनी फोनवर विचारलं, रँकमध्ये मुंबई बसतेय तर जिल्ह्याचं कॉलेज वर का? तिने कारण सांगितलं. त्यांना ते अर्धंच पटलं. तिने ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवलं, मुंबईतलं एक दुसऱ्यावर, आणि लॉक करण्याआधी त्या दुसऱ्या युनिटमधल्या रेसिडेंटचा नंबर मिळवून त्याला फोन लावला.