निर्विरूपण, अंकीय

रेडिओ तरंगावर आरूढ केलेली अंकीय माहिती ग्राहीच्या ठिकाणी पुन्हा सुटी करण्याच्या क्रियेस निर्विरूपण किंवा व्यवहारात डिमॉड्युलेशन म्हणतात. पूर्वी ही क्रिया त्या त्या कामापुरत्या बनविलेल्या विद्युत् मंडलांकडून होत असे. आता तरंगाचे नमुने घेऊन ते अंकरूपाने संगणकात साठविता येतात व पुढील सर्व काम सॉफ्टवेअर करते. त्यामुळे एकाच यंत्राने अनेक प्रकारचे संदेश उलगडता येतात; मात्र प्रेषकाने संदेश कसा घडविला आहे, हे वापरणाऱ्याने यंत्रास आधी सांगावे लागते. यालाच निर्विरूपणाची मांडणी (सेटिंग) म्हणतात. तीत दोन प्रकारच्या गोष्टी येतात. काही प्रेषकाने ठरविलेल्या असतात व त्या जशाच्या तशा भराव्या लागतात. काही मापन करणाऱ्याने निवडावयाच्या असतात. पहिल्या प्रकारातील चूक लगेच लक्षात येते. दुसऱ्या प्रकारातील निवड अधिक फसवी असते, कारण तिच्यामुळे सदोष संदेशही निर्दोष दिसू शकतो.

वऱ्हाडात अकोला, अमरावतीकडे घरांच्या छपरांवर आग्नेयेकडे तोंड करून बसविलेल्या तबकड्या, ज्यांना खेडोपाडी ‘छत्री’ म्हणतात, हे या क्रियेचे नित्य दिसणारे उदाहरण होय. दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली व पुढे ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यासाठी वापरात आलेला जीसॅट–१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला असून तो ९३.५° पू. रेखांशावर आहे. अकोल्याहून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सु. १४०° दिशेला, क्षितिजापासून सु. ५९° उंचीवर येतो. अमरावतीस दिशेत दीड-पावणेदोन अंशांचा आणि उंचीत जेमतेम पाव अंशाचा फरक पडतो. छत्री वळविण्यात असा थोडा फरक असला, तरी ग्राहीत भरावयाचे आकडे दोन्ही गावी एकच असतात.

छत्री बसविणारे कारागीर ज्या आकड्यांवरून काम करीत आले आहेत, त्यांपैकी एक गट ११,०९० मेगाहर्ट्झ, उभे ध्रुवण व २९,५०० असा आहे. यांतील पहिला आकडा वाहक तरंगाची कंप्रता होय. इतकी उच्च कंप्रता केबलमधून आणणे सोयीचे नसल्याने छत्रीपुढील एलएनबी हा घटक तीतून आपल्या स्थानिक दोलकाची कंप्रता वजा करतो. दोलक ९,७५० मेगाहर्ट्झचा असल्यास घरात १,३४० मेगाहर्ट्झचा तरंग येतो. मांडणीत दोलकाची कंप्रता चुकीची नोंदविली, तर ग्राही भलत्याच ठिकाणी शोध घेत राहतो. स्वस्त एलएनबीमधील दोलक उष्णतेने १ मेगाहर्ट्झ किंवा त्याहूनही अधिक सरकू शकतो. अकोल्यातील मे महिन्याची दुपार व पहाट यांतील तफावत ध्यानात घेता कंप्रता शोधण्याची मर्यादा फार अरुंद ठेवून चालत नाही.

तिसरा आकडा म्हणजे चिन्हांचा वेग. चतुष्कला विरूपणात वाहक तरंगाची कला चार ठराविक मूल्यांपैकी एक घेते; अशा प्रत्येक अवस्थेस चिन्ह म्हणतात व एका चिन्हाबरोबर दोन बिट वाहिले जातात. २९,५०० हा आकडा सेकंदास दोन कोटी पंचाण्णव लाख चिन्हे असे सांगतो, म्हणजे एका चिन्हास सु. ३४ अब्जांश सेकंद मिळतात. याच्या जागी २७,५०० हा पुष्कळ ग्राहींत आधीच भरलेला आकडा राहून गेल्यास दर चौदा-पंधरा चिन्हांमागे एक चिन्ह हुकते आणि काहीच उलगडत नाही. अशा वेळी पडद्यावरील ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी भरलेली व ‘क्वालिटी’ची रिकामी दिसते. पहिली पट्टी केवळ येणारी शक्ती मोजते, शक्तीतील अर्थाशी तिचा संबंध नसतो. हे माहीत नसल्याने कित्येक ठिकाणी छत्री विनाकारण हलविली जाते व सरळ असलेलीही वाकडी होते.

चिन्हे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रेषकात व ग्राहीत एका विशिष्ट छानकाचा अर्धा-अर्धा भाग ठेवलेला असतो. त्याच्या उताराचा गुणांक या सेवेच्या मूळ मानकात ०.३५ आहे. चिन्हांचा वेग यात १.३५ ने गुणला असता सु. ४० मेगाहर्ट्झ ही संदेशाने व्यापलेली पट्टरुंदी मिळते. गुणांक चुकल्यास संदेश स्वच्छ असूनही चिन्हांचे बिंदू पसरलेले दिसतात. हा पसारा गोंगाटासारखा भासतो. पण मोठी तबकडी लावूनही तो कमी होत नाही, यावरून तो ओळखता येतो.

चाळीस मेगाहर्ट्झ रुंदीचा संदेश संगणकात घेण्यास महागडे यंत्र लागते. सेकंदास चोवीस लाख नमुने घेणाऱ्या, हौशी अभ्यासकांत प्रचलित असलेल्या छोट्या ग्राहीने ते साधत नाही. त्यास सोयीचा संदेश रशियाच्या मिटिओर–एम मालिकेतील हवामान उपग्रहांचा होय. २०२३ मध्ये सोडलेला या मालिकेतील एन२–३ हा वऱ्हाडावरूनही जातो व १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदास ७२,००० चिन्हांनी ढगांची चित्रे पाठवितो. यात दोन बिट एकदम न बदलता अर्ध्या चिन्हाच्या अंतराने बदलतात. मांडणीत साधे चतुष्कला विरूपण निवडल्यास वेग व कंप्रता अचूक असूनही चार बिंदूंऐवजी अस्पष्ट पुंजका दिसतो. उपग्रहाच्या गतीमुळे कंप्रता सु. ३ किलोहर्ट्झपर्यंत सरकते, म्हणजे प्रत्येक चिन्हामागे कला सु. १५° फिरते. एवढे सरकणे सॉफ्टवेअर स्वतःच सावरून घेते.

मापनाच्या निवडीत बिंदू आपल्या आदर्श स्थानापासून किती ढळले, हे टक्केवारीत सांगणारी त्रुटी महत्त्वाची असते. संदेश व गोंगाट यांचे गुणोत्तर १० डेसिबेल असल्यास ती सु. ३२ टक्के येते. परंतु गोंगाट फार वाढल्यावर भरकटलेला बिंदू शेजारच्या आदर्श बिंदूच्या जवळ जातो व सॉफ्टवेअर त्याची तुलना त्या चुकीच्या बिंदूशी करते. त्यामुळे संदेश सर्वांत वाईट असतानाच त्रुटी प्रत्यक्षाहून कमी दिसते. एका मापनात किती चिन्हे घ्यावयाची हेही पाहावे लागते. थोडी घेतली, तर उत्तर प्रत्येक वेळी बदलते. फार घेतली, तर दोलकाचे संथ सरकणेही त्रुटीत मिसळते.

सर्वांत जपून वापरावयाची सोय समकारकाची. वाटेत झालेली विकृती मोजून ती आपोआप दूर करण्याचे काम तो करतो. पुन्हा छत्रीच्या उदाहरणाकडे वळल्यास, केबलचा जोड पाणी शिरून गंजला की तरंगाचा काही भाग परावर्तित होतो. केबल १५ मी. लांबीची असल्यास जाऊन-येऊन त्यास सु. १२५ अब्जांश सेकंद लागतात, म्हणजे सु. पावणेचार चिन्हांनंतर त्याचा प्रतिध्वनी येतो. समकारक चालू असताना हा प्रतिध्वनी पुसला जाऊन चारही बिंदू रेखीव दिसतात व केबल उत्तम असल्याचा निष्कर्ष निघतो. समकारक बंद केल्याबरोबर तेच बिंदू फुटतात. दोष शोधावयाचा असेल, तेव्हा प्रथम तो बंद ठेवून मापन घ्यावे व मग चालू करून फरक पाहावा, हाच क्रम योग्य होय. जुन्या दूरचित्रवाणीत संदेश दुबळा होत गेला की पडद्यावर मुंग्या वाढत व प्रेक्षकाला आधीच सूचना मिळे. अंकीय संदेशात त्रुटी दुरुस्त करणारे संकेत चित्र शेवटपर्यंत स्वच्छ ठेवतात आणि मर्यादा ओलांडताच ते एकदम थबकते. म्हणून उन्हाळाभर न जाणवलेला गंजका जोड जुलैत, पावसाच्या सरीने तरंगाची शक्ती घटविल्यावर प्रथम प्रकट होतो, आणि दोष मात्र ढगांना दिला जातो.