मार्लोचा लाजाळूपणा

मागच्या वेळी आपण गोल्डस्मिथच्या ‘द गुड-नेचर्ड मॅन’पाशी थांबलो होतो. १७६८ साली त्या नाटकात कर्जवसुलीचे बेलिफ रंगमंचावर आले आणि लंडनच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. का, तर प्रवेश ‘हलका’! पहिल्या प्रयोगानंतर तो गाळावा लागला. हा ‘हलका’ शब्द लक्षात ठेवा.

पाच वर्षांनी, मार्च १७७३ मध्ये, कोव्हेंट गार्डनला त्याचं ‘शी स्टूप्स टू कॉंकर’ आलं. त्यात दारूच्या गुत्त्यातला प्रवेश आहे, आणि तिथले गावंढळ गडीच एकमेकांना बजावतात की आपल्याला हलकं काही खपायचं नाही. एक जण तर म्हणतो, माझं अस्वलसुद्धा खानदानी चालींवरच नाचतं! जुना हिशेब असा चुकता झाला.

पण खरी गंमत मार्लोची. खानदानी मुलीसमोर याची बोबडी वळते, मान वर होत नाही. खानावळीतल्या पोरीशी मात्र भलताच सलगीने वागतो. थट्टेखोर टोनीने दिशाभूल केल्यामुळे तो हार्डकॅसलच्या घरालाच खानावळ समजतो आणि होणाऱ्या सासऱ्याला हुकूम सोडतो. केट संध्याकाळी वडिलांच्या आवडीखातर साधा पोशाख घालते, तेवढ्यावर तो तिला तिथली नोकराणी ठरवतो. आधी भेटलेली हीच, हे ओळखत नाही. कारण तेव्हा तोंडाकडे बघितलंच कुठे होतं?

समीक्षक याला स्वभावातला विसंवाद म्हणतात. आपल्याला ते पटत नाही. लाजणं आणि लगट, दोन्हींत तो माणूस बघत नाही, पायरी बघतो. पुढे केट स्वतःला घरातली गरीब नातेवाईक म्हणवते, तेव्हा तो खरोखर हलतो. तरी म्हणतो, जन्म, पैसा, शिक्षण यांतलं अंतर आड येतं, लग्न शक्य नाही. शेवटी नुसतं मन बदलून भागत नाही. ती श्रीमंताची लेक निघावी लागते.

आणि खरी मोलकरीण? आहे की. मार्लोचा गैरसमज केटला तीच सांगते. तिच्या वाट्याला एवढाच छोटासा प्रवेश. केट तिलाच विचारते, मी ‘द बो स्ट्रॅटेजेम’मधल्या चेरीसारखी दिसते ना? चेरी ही फार्करच्या १७०७ सालच्या नाटकातली खानावळवाल्याची मुलगी. म्हणजे समोर मोलकरीण उभी असताना केटला नमुना आठवतो तो नाटकातला.