समुद्राची शाळा – भाग 5 : सात पाळ्यांचा दिवस

मागच्या भागातली प्रशिक्षण नौका 'डफरिन' 1927 पासून मुंबई बंदरात नांगर टाकून उभी होती. आजची शाळा चालती आहे. नौदलाची 'तरंगिणी' वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली आणि 11 नोव्हेंबर 1997 रोजी नौदलात दाखल झाली. लांबी 54 मीटर, तीन डोलकाठ्या, वीस शिडे. 2003-04 मध्ये ती पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तिची धाकटी बहीण 'सुदर्शिनी' 2012 ची. दोघींचा मुक्काम कोचीला.

अशा जहाजावरच्या विद्यार्थ्याला 'सकाळी किती वाजता उठतोस?' असे विचारण्यात अर्थ नाही. तो कधी रात्री बाराला उठतो, कधी पहाटे चारला. वारा झोपत नाही, म्हणून जहाजही झोपत नाही. परंपरेने दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत वाटलेला असतो. त्यांना वॉच म्हणतात. आता गणित पाहा. चोवीस तासांत चार तासांच्या सहा पाळ्या आणि मुलांच्या तुकड्या तीन. म्हणजे मध्यरात्रीची पाळी ज्यांच्या वाट्याला आली, ती कायम त्यांच्याच गळ्यात! यावर खलाशांनी काढलेला तोडगा फार हुशारीचा आहे. संध्याकाळी चार ते आठ या पाळीचे त्यांनी दोन तुकडे केले, चार ते सहा आणि सहा ते आठ. हे 'डॉग वॉच'. पाळ्या झाल्या सात. साताला तीनने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे रोज प्रत्येक तुकडीची वेळ आपोआप सरकते. कुणाला हुकूम सोडावा लागत नाही, की कुणाची तक्रार येत नाही.

पाळीवर असताना कुणी सुकाणूवर, कुणी टेहळणीला, बाकीचे दोरांवर. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे असतात. ती गुंडाळायची तर दोरांच्या शिडीवरून वर चढून आडव्या दांडीवर ओळीने उभे राहावे लागते. कमरेला सुरक्षापट्टा असतो, पण खाली डोलणारा डेक दिसतोच. पहिले काही दिवस मळमळही असते. पाळीतून मात्र त्यामुळे सुटका नाही.

दुपारचा धडा आपल्या उदगीरच्या गच्चीवरही समजेल. सेक्स्टंट नावाच्या उपकरणाने सूर्य क्षितिजापासून जास्तीत जास्त किती अंश वर चढला, ते मोजतात. विषुवदिनी तो कोन 90 मधून वजा केला की आपला अक्षांश मिळतो. इतर दिवशी पंचांगासारख्या तक्त्यातून थोडी दुरुस्ती करावी लागते. उदगीरला विषुवदिनी हा कोन सुमारे 71.6 अंश भरेल, म्हणजे अक्षांश 18.4. याच रेषेवरून नाकासमोर पश्चिमेला निघालात, तर खडकवासल्याजवळून जाऊन साधारण 440 किलोमीटरवर मुरूड-जंजिऱ्याच्या आसपास समुद्र लागतो.

जीपीएस असताना हा खटाटोप कशाला? पैशांची उधळपट्टी म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. इंजिनाच्या जहाजावर चुकीचा निर्णय इंजिनाच्या जोरावर निभावून नेता येतो. शिडाच्या जहाजावर वाऱ्याची दिशा चुकीची ओळखली, तर जहाज तिथेच खोळंबते आणि सगळ्या तुकडीला पुन्हा दोर ओढावे लागतात. पुढे युद्धनौकेवर अधिकारी होणाऱ्याने ही चूक इथेच केलेली बरी.

उदगीरच्या मुलाला ही वाट लांबची वाटते, पण बंद नाही. सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर मुलांना तिथे प्रवेश परीक्षेने घेतात. मग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. मुलींनाही एनडीएचे दार 2022 पासून उघडले आहे. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. यंदा घरात कुणी दहावीला असेल, तर अकरावीचे विषय ठरवण्याआधी हे त्याच्या किंवा तिच्या कानावर घाला. पुढच्या भागात खडकवासल्याच्या तलावावर एनडीएचे छात्र शिडाची होडी कशी शिकतात, ते पाहू.