जोतीराव फुले : व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर

हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें जोतीराव गोविंदराव फुले यांनीं इंग्रजींत जें निवेदन सादर केलें, त्याच्या अखेरीस १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे, सही आहे आणि सहीखालीं हुद्दा आहे. हा हुद्दा वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंति आहे. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं, मुलींची पहिली शाळा काढून चौतीस वर्षें लोटलीं होतीं, व 'गुलामगिरी' लोकांच्या हातीं येऊनहि नऊ वर्षें झालीं होतीं. यांपैकीं कशाचाहि उल्लेख सहीखालीं नाहीं. तेथें व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर एवढेंच आहे, व ठिकाण पुण्यांतील जुना गंज पेठ असें दिलें आहे.

ज्यांस आज सर्व महाराष्ट्र महात्मा म्हणून ओळखतो, त्यांनीं कमिशनापुढें आपली ओळख अशी कां द्यावी? आमच्या मतें हें केवळ विनयाचें लक्षण नव्हे. कमिशनापुढें मुख्य प्रश्न पैशाच्या वाटणीचा होता : रयतेकडून जें घेतलें जातें त्यांतून रयतेच्या मुलांस काय मिळतें? या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार कर भरणारास आहे, मालाचा भाव जाणणारास आहे, आणि वसूल झालेली रक्कम खर्च करणाऱ्या सभेंत जो बसतो त्यास आहे. सहीखालचे तीन शब्द हें त्या अधिकाराचें प्रमाणपत्र होय. जोतीरावांच्या चरित्राकडे पाहतांना समाजसुधारकाच्या तेजानें हा हिशेबी व्यवहारी पुरुष झांकून जातो, व त्यामुळें त्यांच्या लेखनांतील कांहीं भाग नुसत्या संतापाचा वाटूं लागतो. तसा तो नाहीं.

व्यापार हा या घराण्याचा पिढीजात होता. मूळचें आडनांव गोऱ्हे. पेशवाईच्या अखेरीस फुलें पुरविण्याच्या धंद्यामुळें तें फुले असें झालें, आणि दुसऱ्या बाजीरावाकडून कुटुंबास पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. वडील गोविंदराव यांचा व्यवसायहि फुलांचा व भाजीपाल्याचाच होता. जोतीरावांनीं त्यांत पुष्कळ भर घातली. पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नांवानें त्यांनीं बांधकामाचीं कंत्राटें घेतलीं. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचें धरण, कात्रजचा बोगदा हीं कामें या संबंधांत चरित्रकार सांगतात. सोनारकामास लागणारे सांचे व मुशी विकण्याची अडत, पुस्तकविक्री, आणि मांजरीस शेती हींहि त्यांच्याकडे होतीं. शाळा चालविणाऱ्या, ग्रंथ स्वखर्चानें छापणाऱ्या माणसास पैसा कोठून येत असे, या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. मिशनच्या शाळेंत त्यांनीं शिकविलें खरें, पण जन्मभर कोणाची चाकरी त्यांनीं केली नाहीं.

सरकारी बांधकामाचें कंत्राट म्हणजे काय, हें ज्यास ठाऊक आहे त्यास पुढील गोष्ट निराळी सांगावी लागणार नाहीं. दगड खाणींतून निघतो, पाथरवट तो घडवितो, चुन्याची भट्टी लागते, बेलदार व गवंडी रोजावर असतात. या सर्वांस आठवड्याच्या बाजारीं पैसा हवा. उलट कंत्राटदारास पैसा मिळतो तो काम मोजून वहींत चढल्यावर, आणि मोजणारा ओव्हरसियर व बिल पुढें सरकविणारा कारकून हे सरकारचे नोकर. वहींतील आंकडा आणि जागेवरचें काम यांत अंतर कसें पडतें, तें कोणाच्या खिशांत जातें, हें कंत्राटदाराइतकें दुसऱ्या कोणास दिसणार? सत्यशोधक समाजास छापखाना मिळवून देणाऱ्यांत रामय्या व्यंकय्या अय्यावारू आणि व्यंकू बाळाजी काळेवार हे मुंबईचे तेलुगु कंत्राटदार होते, ही गोष्ट या दृष्टीनें आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

इ. स. १८७६ मध्यें सरकारनें जोतीरावांस पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद नेमलें, व सुमारें सहा-सात वर्षें ते त्या जागीं होते. म्युनिसिपालिटी १८५७ मध्यें स्थापन झालेली. शहराची वस्ती लष्कर सोडून लाखाच्या घरांत. लोकांनीं सभासद निवडून देण्याची पद्धत पुण्यांत अद्याप यावयाची होती, म्हणून त्या वेळचा सभासद सरकारचा नेमलेला असे, आणि सरकारच्या मर्जीविरुद्ध मत देणें त्यास सोपें नव्हतें.

१८ जुलै १८८० रोजीं जोतीरावांनीं कमिटीचे अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहिलें, तें शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयीं. पत्रांत नीतीची तक्रार आहेच. पण तिच्या जोडीस म्युनिसिपल सभासदाचा हिशेब आहे. एका बाजूनें शहराच्या आरोग्यासाठीं म्युनिसिपालिटीनें पैसा खर्चावा, व दुसऱ्या बाजूनें तेंच आरोग्य बिघडविणारीं दुकानें वाढूं द्यावीं, हा कोणता कारभार? तेव्हां या दुकानांवर कर बसवावा, असें त्यांचें म्हणणें पडलें.

दुसरी गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठीं शहर शृंगारण्यास एक हजार रुपये मागण्यांत आले; बत्तीस सभासदांपैकीं एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें, व तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें सांगितलें. कांहीं चरित्रलेखांत हा प्रसंग लॉर्ड लिटनच्या भेटीचा म्हणून नोव्हेंबर १८८० मध्यें घातलेला आढळतो. परंतु लिटन साहेब जून १८८० मध्येंच अधिकार सोडून गेले व त्यांच्या जागीं लॉर्ड रिपन आले. तेव्हां वर्ष खरें मानलें तर पाहुणा लिटन नव्हे, आणि पाहुणा लिटन मानला तर प्रसंग मागें न्यावा लागेल. दोन्ही गोष्टी एकत्र लिहिणें आतां तरी थांबावें.

मंडईच्या इमारतीसहि त्यांचा विरोध होता. एवढी रक्कम दगडविटांत घालण्यापेक्षां शाळांस द्यावी, हाच मुद्दा. इमारत झाली, १८८६ मध्यें उघडली, आणि पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेच्या कारभारांत असतांना तीस जोतीरावांचेंच नांव मिळालें!

हा अनुभव गांठीं घेऊन कमिशनापुढील निवेदन वाचावें. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, लोकल फंडाचा अर्धा वांटा त्यास मिळावा, शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, अशा त्यांच्या मागण्या आंकड्यांनिशीं आहेत. आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो तो एक मुद्दा, ज्याकडे सहसा कोणी वळत नाहीं. शिक्षणाच्या पैशाची व्यवस्था लोकल फंड कमिट्यांकडे सोंपवूं नये, असें हा म्युनिसिपल सभासद सांगतो. कारण त्या कमिट्यांवरील पाटील, इनामदार, सरदार यांस तो पैसा समजून खर्च करतां येणार नाहीं. स्थानिक स्वराज्याची घोषणा रिपन सरकारनें त्याच वर्षीं मे महिन्यांत केली होती. तिचें स्वागत सर्वत्र होत असतां आंतला माणूस इतकें स्पष्ट बोलला, याचें मोल मोठें आहे.

१८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' यांतहि हाच हात दिसतो. कालव्याचें पाणी प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या जमिनीच्या मानानें स्वतंत्र तोटीनें द्यावें ही सूचना, ताली-बंधारे घालण्याची योजना, शहरांत येणाऱ्या शेतमालावरील म्युनिसिपल जकातीची तक्रार, या गोष्टी ज्यानें बांधकाम केलें आहे व जकात घेणाऱ्या सभेंत बसला आहे त्याच्याच लेखणींतून उतरतील.

१८८८ मध्यें जोतीरावांस अर्धांगाचा झटका आला आणि धंदा बसला. १८९० मध्यें मामा परमानंद यांस सयाजीराव महाराजांकडे या कुटुंबाच्या मदतीसाठीं पत्र लिहावें लागलें. त्याच वर्षीं २८ नोव्हेंबर रोजीं जोतीराव वारले.