उचलता येईल एवढीच गाडी

मी पशुवैद्यक आहे. माझ्याकडून आपण आजवर लाळ्या-खुरकूत आणि जंतनिर्मूलनाबद्दल ऐकत आलात. आज मात्र मोटारसायकलीबद्दल बोलणार आहे. विषय बदलला असं वाटेल, पण माझ्या धंद्यात जनावर आणि मी यांच्यामध्ये नेहमी एक रस्ता असतो, आणि शाहूवाडी तालुक्यातल्या पावसाळ्यात त्याला रस्ता म्हणणं हा मोठेपणाच आहे.

आमच्याकडं शेतातून वाडीकडं जाणाऱ्या वाटेला पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूला बांध, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिखल. तांबडी माती भिजली की साबणासारखी होते. चढावर जांभ्याचे उघडे दगड असतात आणि त्यांच्यावर शेवाळ धरलेलं असतं. अशा वाटेनं धनगरवाड्यावर जायचं, पाठीमागं औषधाची पेटी आणि कृत्रिम रेतनाचं द्रवरूप नायट्रोजनचं पात्र बांधायचं. त्या पात्रात उणे १९६ अंशांचा नायट्रोजन असतो. गाडी आडवी झाली आणि तो सांडला, की आतल्या वीर्यकांड्या वाया जातात.

२०१७ च्या जुलैतली गोष्ट. रात्री साडेदहाला फोन आला, ‘‘डॉक्टर, म्हस कवाधरनं अडलीया, बिगीनं या.’’ तेव्हा माझ्याकडं एक दणदणीत गाडी होती, दोनशे किलोच्या आसपास वजनाची. हौसेनं घेतली होती. चौकात उभी केली की पोरं भोवती जमायची, मलाही बरं वाटायचं. त्या रात्री पाणंदीच्या वळणावर पुढचं चाक चाकोरीत गेलं, गाडी उजवीकडं कलंडली आणि माझा पाय खाली सापडला. सायलेन्सरनं पोटरी भाजली. पाय कसाबसा सोडवला, पण गाडी काही उठेना. बूट घसरत होते, चाकं घसरत होती, पाऊस धो धो. गाडी तशीच टाकून चालत जावं, तर पेटी खाली अडकलेली. वाडीवरून दोघंजण बॅटरी घेऊन शोधत आले तोवर पाऊण तास गेला होता.

म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता. गाईंपेक्षा म्हशींमध्ये हे जास्त दिसतं. जनावराला आडवं पाडून, विशिष्ट दिशेनं लोळवून पीळ सोडवता येतो. पण वेळ जाईल तसतशी आतल्या पिलाची आशा कमी होते. म्हैस वाचली. रेडी मेलेली निघाली. घरातली म्हातारी मला म्हणाली, ‘‘असूं दे लेकरा, तू तरी काय करणार.’’ भाजलेल्या पोटरीपेक्षा ते वाक्य जास्त दिवस दुखलं. कारण काय करता आलं असतं, ते मला ठाऊक होतं. उचलता येईल अशी गाडी घेता आली असती.

आता थोडं या गाड्यांच्या कुळाबद्दल. ज्यांना आज ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात, त्यांची सुरुवात साधारण १९८० मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीपासून धरतात. नावातला ‘जी’ म्हणजे जर्मन भाषेत माळरान आणि ‘एस’ म्हणजे रस्ता. दोन्हीकडं चालणारी, एवढाच तिचा अर्थ. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, पॅरिस ते डाकार ही पहिली शर्यत यामाहाच्या एक्सटी ५०० या एकाच सिलिंडरच्या साध्या गाडीनं जिंकली होती. पुढं मात्र या गाड्या वाढत गेल्या. मोठं इंजिन आलं, मोठी टाकी आली, पडदे आणि पेट्या आल्या. जी/एसचीच आजकालची भावंडं अडीचशे किलोंच्या घरात गेली आहेत. उत्तम गाड्या आहेत, पण त्या आडव्या झाल्या की उचलायला सोबत लागते.

आपल्याकडं २०११ मध्ये हीरोनं इम्पल्स नावाची दीडशे सीसीची उंच गाडी आणली. वजन सुमारे १३४ किलो. ती फारशी खपली नाही. आपल्याला तेव्हा मायलेज आणि चकाकी यापलीकडं काही दिसत नव्हतं, मलाही नाही. काही वर्षांनी ती बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची हिमालयन आली. या प्रकारच्या गाड्यांची ओळख आपल्याकडं खऱ्या अर्थानं तिनं करून दिली. पण तिचं वजन दोनशे किलोंना टेकलेलं. मग २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली. भरल्या टाकीसह १५४ किलो, आणि किंमत त्या वेळी शोरूमला लाखाच्या आत. या दोन वजनांमध्ये सुमारे पंचेचाळीस किलोंचा फरक आहे. पन्नास किलोंचं पशुखाद्याचं पोतं रिकाम्या पाठीनं उचलून बघा, म्हणजे चिखलात हा फरक किती असतो ते कळेल. त्याच वर्षी दिवाळीला मी मोठी गाडी विकून या हलक्या वर्गातली दोनशे सीसीची गाडी घेतली.

नुसतं वजन कमी असून भागत नाही, नाहीतर मोपेडवरच काम झालं असतं. बघायच्या गोष्टी आणखी आहेत. पुढचं चाक मोठं, एकवीस इंची हवं. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक दगडावरून चढून जातं. बैलगाडीची चाकं एवढी मोठी का असायची याचं कारणही काही अंशी हेच. चाकं स्पोकची हवीत, कारण दगडाचा जबर मार बसला तर ती वाकतात आणि बहुधा नीट करता येतात. ओतीव चाकाला तडा गेला की विषय संपला. खाली इंजिनाला पत्र्याचं कवच हवं. आणि शॉकॲब्सॉर्बरचा प्रवास लांब हवा. एक्सपल्समध्ये पुढं तो १९० मिलिमीटर आहे. रोजच्या वापरातल्या गाड्यांमध्ये तो बराच कमी असतो, म्हणून खडीवर त्या आपटतात आणि आपले मणके मोजून देतात.

या सगळ्याची किंमत मोजावी लागते ती उंचीत. सीट ८२३ मिलिमीटरवर, आणि माझी उंची पाच फूट पाच इंच. दोन्ही टाचा जमिनीला टेकत नाहीत. पहिला आठवडाभर मी सिग्नलला थांबताना देवाचं नाव घेत होतो. मग युक्ती कळली. थांबताना उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, सीटवरून थोडं डावीकडं सरकायचं आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा. पत्नीनं मागं बसताना एकदा विचारलं, ‘‘शिडी देतात का हो हिच्याबरोबर?’’ तेव्हापासून लग्नकार्याला आम्ही एसटीनं जातो.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. खराब वाटेवर सीटवर बसून राहू नका. पायदानांवर उभे राहा, गुडघे किंचित वाकलेले, टाकीला हलके टेकलेले. उभं राहिलं की धक्के गुडघे घेतात आणि गाडी आपल्या खाली मोकळी हलू शकते. हँडल घट्ट आवळू नका. बुजलेल्या बैलाची वेसण जितकी ओढाल तितका तो उधळतो. उतारावर पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच गाडी धरू द्या, पुढचा ब्रेक फार हलक्या हातानं. सामान जड असेल तर ते उंच बांधू नका. नायट्रोजनचं पात्र मी सीटच्या मागं उंचावर बांधायचो, त्यानं गाडी डुलायची. आता ते बाजूच्या खोगिरात, शक्य तितकं खाली असतं.

पडणार आहातच. मग उचलायची कशी? आधी इंजिन बंद करा. जमल्यास गिअर टाका, म्हणजे गाडी घरंगळत नाही. ती उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचं स्टँड आधीच उघडून ठेवा. मग गाडीकडं पाठ करा, नितंब सीटच्या कडेला टेकवा, एका हातानं हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हातानं मागचा दांडा धरा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावलं मागं टाकत उठवा. पोतं उचलताना हमाल कमरेत वाकत नाही, मांड्यांवर उठतो, तसंच. समोरून वाकून ओढलीत तर गाडी उठेलही, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही उठणार नाही. मी हे अंगणात, कोरड्या जमिनीवर, शेजारी हसत असताना दहा-बारा वेळा करून पाहिलं.

पदरात दोष घ्यावे लागतात, तेही सांगायला हवेत. महामार्गावर ताशी ऐंशीच्या पुढं ही लहान इंजिनं धापा टाकतात. कोल्हापूरहून पुण्याला रोज जायचं असेल तर ही गाडी तुमची नव्हे. स्पोकच्या चाकात बहुतेक ट्यूब असते, म्हणून पंक्चर काढायला शिका. सीटखाली जादा ट्यूब, दोन टॉमी आणि सायकलचा पंप ठेवा. चिखलात चेन आणि ब्रेक पॅड लवकर झिजतात. दर दोन-तीन दिवसांनी चेन धुऊन तेल देतो, एअर फिल्टर पावसाळ्यात महिन्याला बघतो. लिटरला पस्तीस ते चाळीस किलोमीटर मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळं नवी घेणाऱ्याला थोडा हात मिळाला आहे.

ओढ्याला गुडघ्यावर पाणी असेल तर मी गाडी अलीकडंच लावतो आणि पेटी डोक्यावर घेऊन चालत जातो. गाडी हलकी आहे म्हणून पाण्यालाही ती हलकीच लागते. आणि गाडी कुठंही जाते म्हणून कुठंही न्यायची नसते. पावसाळ्यात सड्यावर फुलं आलेली असताना त्यातून चाकं फिरवणारे बहाद्दर दिसले, की मला त्यांच्या गाडीचीच नाही, माझ्या गाडीचीही लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात त्याच वाडीवरून, त्याच घरातून फोन आला. त्याच वळणावर मी पुन्हा आडवा झालो. स्टँड उघडलं, पाठ फिरवली, चार पावलं मागं टाकली आणि गाडी उभी केली. फार तर दोन मिनिटं गेली असतील. गोठ्यात पोचलो, तर म्हैस आपली आपणच व्याली होती आणि रेडी तिच्या पायांत लटपटत उभी राहायला बघत होती. मालकानं माझ्या चिखलानं माखलेल्या उजव्या अंगाकडं पाहिलं आणि विचारलं, ‘‘डॉक्टर, पडलासा व्हय?’’ मी हो म्हणालो. त्यानं आत बघून चहा टाकायला सांगितलं.